लिफ्टवाल्याचा सोलो

मास्तरांनी त्याच्या गिटारवर पंजा टेकवून तारा बंद केल्या. सोलो अर्ध्यातच मेला.

"वर गेलास, खाली आलास. मधल्या एकाही मजल्यावर दार उघडलं नाहीस."

लिफ्ट दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच लागलं. तो नखातलं ग्रीस कोरत बसला.

"जॅझ ब्लूजच्या कॉर्ड्स तू झोपेतही वाजवशील. पण सोलो म्हणजे सुरांची कवायत नव्हे, बोलणं आहे. एक म्हण. तेच पुन्हा म्हण. मग त्यावर शेवटचं सुनाव. जमलं तर रविवारच्या कार्यक्रमात सोलो तुझा, नाहीतर आपल्या वर्गातल्या दाताच्या डॉक्टरचा."

डॉक्टरला बोलायची काय ददात? समोरच्याच्या तोंडात बोळे कोंबून तो दिवसभर एकटाच बोलतो.

घरी येऊन लिफ्टवाला पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. बोटं हुळहुळली. शेवटी सोलोच्या नावाने खडे फोडून तो नुसत्या कॉर्ड्स बडवत बसला. कॉर्ड्सचं चक्र पहिल्यापासून सुरू झालं आणि स्वयंपाकघरातून आत्या आली.

"अरे, नळ गळतोय सकाळपासून."

कॉर्ड बदलली.

"म्हटलं, नळ गळतोय सकाळपासून."

पुन्हा बदलली.

"गावाच्या लिफ्टा चालवतोस, आणि घरात आम्ही पोहतोय."

चक्र तिथेच संपलं. बरोब्बर तिथेच. त्याचा हात तारांवर थबकला. आत्या गेली नव्हती, म्हणून त्याने तिच्याकडे न बघता हळूच वाजवलं. 'अरे'चा आखूड ठोका, 'गळतोय'ची घसरण. मग तेच पुन्हा, जरा चढ्या आवाजात.

आत्याने कमरेवर हात ठेवले.

"चिडवतोयस मला?"

"नाही गं. तुझंच म्हणणं म्हणतोय."

"मग नीट म्हण. 'सकाळपासून' मी एवढं लांबवत नाही."

त्याने आखूड केलं.

"आणि ते पोहण्याचं टोचलं पाहिजे. हे तर गुदगुल्या केल्यासारखं वाटतंय."

त्याने दात-ओठ खाऊन पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या वेळी शेवटचा सूर अंगावर आला.

तो गिटार खाली ठेवून उठला, पाना घेतला आणि निमूटपणे नळाकडे गेला.