वीतभर गिलावा

“इथे ऐका,” म्हणत कोरडेबाईंनी बोटांच्या पेरांनी बाहेरच्या भिंतीवर टकटक केलं. दोन पावलं सरकून पुन्हा केलं. “आणि आता इथे.”

“मला तर दोन्ही सारखंच वाटलं, काकू,” घरमालकीण म्हणाली.

“सारखंच आहे. बावीस वर्षांत गिलावा विटेपासून कुठे सुटलेला नाही. सुटला असता तर पोकळ बोलला असता. चीर नाही. खिडकीवरच्या छज्ज्याखाली पाणी तोडायला खाचसुद्धा ठेवलीये. वरून पाणी आत शिरायला जागाच नाही.”

अंगणात खुर्चीवर बसलेल्या मिस्त्रींनी मान डोलावली. “माझा माल आहे तो. सुटेल कसा?”

कोरडेबाईंनी नवऱ्याकडे पाहायचं टाळलं.

कोरडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. मिस्त्रींच्या हाताखाली त्यांनी आयुष्य काढलं, आधी घमेली उचलली, मग गिलाव्यावर रंधा फिरवला. सहा वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि त्यांनी थापी खाली ठेवली. तेव्हापासून बाई एकट्याच कामं घेत, आणि तीही एकाच प्रकारची: भिंतीतली ओल घालवायची. बोलणंही तसंच, कोरडं. गिऱ्हाइकांनी दोन्हीवरून मिळून नाव पाडलं आणि ते चिकटलं.

या घराच्या मालकिणीचा पुस्तकबांधणीचा धंदा होता. मागच्या खोलीत कागदाच्या थप्प्या, पुठ्ठे, खळीचं भांडं, कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र. भिंतीलगतचे कागद फुगून लाटांसारखे व्हायचे आणि शिवलेली पुस्तकं तोंड वासून बसायची. गेल्या महिन्यात एका ग्रंथालयाने सगळी बांधणी परत पाठवली होती. आणखी एकदा परत आली, तर काम जाणार होतं. तिचा धाकटा भाऊ रंगाच्या दुकानात नोकरीला. तो दर दोन वर्षांनी पाणी अडवणारा नवा रंग आणून भिंतीला फासायचा आणि दर दोन वर्षांनी त्याचे पोपडे सुटायचे.

“या वेळी नवीन डबा आलाय,” भाऊ दारात उभा राहून म्हणाला. “दहा वर्षांची हमी आहे.”

“डब्याची असेल,” कोरडेबाई म्हणाल्या. “ओल्या अंगावर रेनकोट चढवून माणूस सुकतो का? पाणी आत आहे. ते बाहेर पडायला धडपडतं आणि तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावता.”

बाई परवाही येऊन गेल्या होत्या. आतल्या भिंतीला काचेचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून डकवला होता. आज सकाळी काचेच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब होते, खोलीकडच्या अंगाला नाहीत. म्हणजे ओल खोलीतल्या हवेची नव्हती, भिंतीचीच होती. शिवाय ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्याच्या उंचीवर थांबली होती, आणि वरच्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, धरला होता. पावसाचं पाणी वरून येतं तेव्हा भिंतीवर नकाशे काढतं. जमिनीतलं पाणी वर चढतं तेव्हा रेघ मारतं. इथे रेघ होती.

कारण त्यांना परवाच कळलं होतं. खरं तर भिंत पाहण्याआधी, पत्ता ऐकल्यावरच.

भिंत बांधताना जमिनीपासून वीतभर उंचीवर विटांच्या थरात डांबराचा पट्टा घालतात. खालचं पाणी तिथे अडतं. बाहेरून तो एका काळ्या रेघेसारखा दिसतो. गिलावा त्या रेघेच्या वर थांबवायचा, असा नियम. मिस्त्रींना ती रेघ कधीच आवडली नाही. “कोट इस्त्रीचा आणि पायात फाटकी चप्पल,” असं ते म्हणायचे. त्यांनी गिलावा पट्ट्यावरून थेट जमिनीपर्यंत नेला, इतका एकजीव की भिंत बांधलेली नव्हे, उगवलेली वाटावी. लोक मुद्दाम बघायला यायचे. ओळंबा सोडला तर दोरा आणि भिंत यांत केस जाणार नाही. असा हात पुन्हा झाला नाही, हे कोरडेबाई आजही कुणालाही सांगत.

फक्त त्या वीतभर गिलाव्याबद्दल सांगत नसत. एकट्याने घेतलेलं दुसरंच काम मिस्त्रींच्या भिंतीचं निघालं. खालचा गिलावा कापला आणि त्यांचे हात तिथेच थांबले. त्यानंतर अशी आणखी सहा घरं आली. प्रत्येक ठिकाणी त्या म्हणाल्या, “अंगणातली माती पट्ट्याच्या वर आलीये.” मिस्त्री संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडत आणि आपल्या भिंती बघून येत. एकदा येऊन म्हणाले, “त्या डॉक्टरांच्या घराची भिंत कुणी खालून कापलीये गं? काय अक्कल!” बाई म्हणाल्या, “असेल कुणीतरी,” आणि भाजी चिरत राहिल्या.

आज मिस्त्री हट्टाने बरोबर आले होते. “ते घर? अगं, ते तर माझं!” म्हणून.

“मग काकू, पाणी येतं कुठून?” घरमालकिणीने विचारलं.

कोरडेबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “अंगणातली माती वर आलीये. खालचा वीतभर गिलावा काढावा लागेल.”

“कुठे वर आलीये?” मिस्त्री खुर्चीतूनच म्हणाले. “दाराच्या पायऱ्या बघ. तेव्हा दोन होत्या, आजही दोनच आहेत. माती वर आली असती, तर एक पायरी गिळली नसती का?”

बाई पिशवीतली सुतळी शोधू लागल्या.

“आणि माझा गिलावा का कापायचा? त्याने काय घोडं मारलंय?”

“अहो, तुम्ही बसा ना. ऊन लागेल.”

“अगं, कुठेतरी पाणी मुरतंय.”

“भिंतीतच मुरतंय, काका,” भाऊ हसला. “म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

मिस्त्री हसले नाहीत. ते बायकोकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला भिंतीबद्दल मोघम बोलताना ऐकलं नव्हतं. ते उठले. पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली, भिंतीपाशी गुडघे टेकले आणि जमिनीलगत छिन्नी लावली. हात थरथरत होता. पहिल्या घावाला छिन्नी घसरली. दुसरा घाव मातीत बसला. बाई पुढे झाल्या.

“राहू दे,” ते न वळता म्हणाले.

डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी पुन्हा मारलं. गिलावा इतका पक्का की सहजी येईना. आठव्या-नवव्या घावाला वहीच्या आकाराचा तुकडा निखळला आणि मागे काळा पट्टा दिसला. मिस्त्रींनी तुकडा उलटा केला, आणि पत्र वाचावं तसा डोळ्यांजवळ धरला. विटेकडच्या अंगावर पट्ट्याची रेघ ठशासारखी उमटली होती. ठशाच्या खाली गिलावा ओला, गडद. वरही तितकाच गडद.

त्यांनी अंगठा ठशाच्या खालून वर, ओलीवरून फिरवला.

“जिना बांधला मी,” शेवटी म्हणाले.

“कुणाला?” भावाने विचारलं.

“पाण्याला. पट्ट्यापाशी त्याला थांबवलं होतं. मी बाहेरून वाट काढून दिली.” त्यांनी तुकडा जपून खाली ठेवला. “ताई, माती वर आलेली नाही. तुमची ओल माझ्या हातची आहे.”

घरमालकीण वाकून तुकडा बघू लागली. भाऊ म्हणाला, “म्हणजे बिघडवलं तुम्ही, आणि आता दुरुस्तही तुम्हीच करणार?”

“मग कोण करणार? कसं बिघडवलंय ते दुसऱ्याला कुठे ठाऊक आहे?”

घरमालकीण खुदकन हसली आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळली. “चहा टाकते,” म्हणत आत गेली, जाताना भावालाही दंडाला धरून घेऊन गेली.

अंगणात दोघंच उरली.

“किती घरं?” मिस्त्रींनी विचारलं.

“सात.”

“डॉक्टरांचं?”

“ते तिसरं.”

“मी अक्कल काढली होती.”

“हो.”

“सहा वर्षं त्या मातीवर आळ घातलास. बिचारी बोलणार तरी काय!” ते भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसले. “मला का नाही सांगितलंस?”

“भिंती बघून आलात की एक पोळी जास्त खायचात,” बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “आणि भिंती खरंच चांगल्या आहेत. एक वीत सोडली तर.”

“ओल त्या एका वितीतूनच येते.”

“येते.”

मिस्त्रींनी हात पुढे केला. बाईंनी तो धरून त्यांना उठवलं.

मग काम सुरू झालं. बाईंनी पट्ट्याच्या वर दोन बोटं अंतर ठेवून सुतळीने रेघ आखली. मिस्त्री दुसरं टोक धरून उभे राहिले, आणि सुतळी जराशी हलत होती म्हणून बाईंनी ते टोक खिळ्याला बांधलं. कटरने रेघेवर काप घेऊन त्या खालचा गिलावा तोडत गेल्या. दुपारपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी विटा उघड्या पडल्या, बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

“कड सरळ ठेवू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “बाहेरच्या अंगाला वळव. परकराच्या घेरासारखी. पावसाचं पाणी ओघळत आलं की भिंतीला न शिवता खाली टपकलं पाहिजे.”

“ठाऊक आहे. सात केलीत.”

“मग आठव्याला जरा जास्त वळव.”

बाईंनी जास्त वळवली. खरंच बरी दिसली, हे त्यांनी मनातच ठेवलं.

संध्याकाळी घरमालकिणीला त्यांनी नीट समजावलं. भिंत एका रात्रीत सुकणार नाही, वर्षही लागेल. तोवर कागद भिंतीपासून हातभर लांब ठेवायचे, खिडकी उघडी ठेवायची. आतला लोणा धरलेला गिलावा नंतर काढू. रंग एवढ्यात नाही, आणि लावायचा तेव्हा भिंतीला श्वास घेऊ देणारा. हे शेवटचं वाक्य त्या भावाकडे बघून बोलल्या.

“आमच्या दुकानात तसलाही आहे,” भाऊ जरा नरमून म्हणाला.

“मग तो आणा. हमी नको.”

घरी जाताना अवजारांची पिशवी बाईंच्या खांद्यावर होती. मिस्त्री एक पाऊल पुढे चालले होते. बाईंना वाटलं, आता हा माणूस संध्याकाळी घराबाहेर पडणार नाही. खिडकीपाशी बसेल आणि आपल्याला ते दिसत राहील. खरं दडवलं ते चुकलं की आज दडवता आलं नाही ते चुकलं, हे त्यांना काही केल्या सोडवता येईना.

चौकात घराकडचं वळण डावीकडे. मिस्त्री उजवीकडे वळले.

“अहो, इकडे कुठे?”

“तू सात केलीस. हे आठवं. मी पस्तीसएक तरी केली असतील.” ते थांबले नाहीत. “सगळ्यांच्या लक्षात आलेलं नसतं. कुणी कपाट सरकवून झाकतं, कुणाला वाटतं, आपल्या नशिबातच दमट घर.”

गल्लीच्या टोकाला एक बैठं घर होतं. त्याची भिंत अजूनही लखलखीत, दोऱ्यात धरल्यासारखी सरळ, खाली थेट फरशीत उतरलेली. कोरडेबाईंची नजर आधी तिच्या पायथ्याकडे गेली. तिथे रंगाला बारीक फोड आले होते.

मिस्त्रींनी कपड्यांवरची धूळ झटकली, सदऱ्याचं वरचं बटण लावायला दोनदा हात नेला, ते लागेना तसं सोडून दिलं, आणि घंटी दाबली. आतून पावलं वाजली. दार उघडणारी बाई अनोळखी होती, तरुण होती, तिने हातात टॉवेल घेतला होता.

“नमस्कार,” मिस्त्री म्हणाले. “तुमच्या घराचा गिलावा मी केला होता. मागच्या भिंतीला ओल येते का, हे विचारायला आलोय.”