आठ दिवसांच्या बोलीवरची गिटार

गिटारीचा पहिला सूर ऐकला आणि मला किळस आली. दुसरा शब्द सुचत नाही. शिळ्या आंबिलीवर बुळबुळीत थर धरतो, तसं काहीतरी त्या सुरावर धरलं होतं. मी तारा पुसल्या, डाव्या हातातली लोखंडी कांडी धोतराच्या सोग्याला घासली आणि पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

ही १९६६ सालची, दिवाळीनंतरची गोष्ट. भिलाईला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. टेबलावर रेडिओ होता आणि रेडिओच्या पाठीला ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोकं होती. त्या भोकांत गिटारीची वायर खोचली की गिटार रेडिओतून बोलत असे. गिटार नवी, बिजलीची, कलकत्त्याची घडण. लाल रंगाची नुसती फळीच म्हणा. पोट नाही, पोकळी नाही. तारांखाली चुंबकाची एक पेटी बसवलेली आणि कडेला दोन बटणं, एक आवाजाचं आणि एक सुराची धार कमीजास्त करण्याचं. अशी गिटार मांडीवर आडवी घेतात, उजव्या हाताने तारा छेडतात आणि डाव्या हातातली कांडी तारांवरून सरकवतात. बोटं कुठे अडत नाहीत, सूर कुठे थांबवायचा ते फक्त कानाने ठरतं.

हे मी गोंदियाला शिकलो होतो. माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एक अँग्लो-इंडियन गार्ड संध्याकाळी वाजवत बसे, त्याने मला शिकवलं. सत्तावन साली मी भिलाईला आलो तेव्हा इथे कारखाना नव्हता, नुसती धूळ होती. पहिली तीन वर्षं रिव्हेट मारण्याच्या गँगमध्ये गेली. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि पहिल्याच मे महिन्यात माझ्या जुन्या लाकडी गिटारीचा सरस वितळून ती उकलली. पुढे रूळ बनवण्याची मिल सुरू झाली आणि मी हॉट सॉ या करवतीवर लागलो. लालभडक रूळ कापणारं ते मोठं गोल पातं. ते रुळाला भिडलं की माणसाच्या तोंडातलं बोलणं तोंडातच राहायचं. मध्ये नऊ वर्षं गेली आणि गिटार राहून गेली.

मुलांना शिकवणं मात्र सुटलं नव्हतं. दिवसपाळी असली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर लाइनीतली आठ-दहा पोरं जमत. पाढे, नकाशे, गाणी, जे येईल ते मी शिकवी. म्हणून नोकरी हॉट सॉवर असूनही लोक मला मास्तर म्हणत. शेजारच्या केवलरामची जया त्यांत होती. दहा वर्षांची, पण एकदा ऐकलेली चाल तिला दुसऱ्यांदा ऐकावी लागत नसे. या मुलीला गिटार शिकवायची आणि आपणही पुन्हा वाजवायचं, एवढ्यासाठी मी ही गिटार आणली होती.

ती दुर्गच्या स्टेशनरोडवरच्या अरुणकुमारच्या दुकानातून घेतली. तो रेडिओ विके, दुरुस्त करी आणि वाद्यंही ठेवी. रविवारच्या बाजाराच्या गलक्यात मला नीट ऐकू आलं नाही, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "आठ दिन घर में बजा के देखो, मास्तरजी. पसंद नहीं तो वापस. नौवें दिन मैं आपको पहचानता नहीं."

तेव्हा प्रश्न एवढाच होता. पुढच्या रविवारपर्यंत ठरवायचं, ठेवायची की परत करायची. परत केली तर पुन्हा आणण्याची उमेद माझ्यात उरणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी मी धार वाढवायला सुराचं बटण अर्ध्यावर नेलं. मंगळवारी पाऊण. बुधवारी ते टोकाला जाऊन अडलं. तरी तो सूर घोंगडी पांघरल्यासारखाच. अंजना, माझी बायको, तांदूळ निवडायचं सूप उचलून मागच्या अंगणात गेली. जाता जाता म्हणाली, "काचेवर खिळा घासल्यावानी वाजून राहिलं जी तुमचं. दात आंबले माहे."

मला तिचीही किळस आली, हे आज कबूल करतो. लग्नामुंजीतले भोंगे ऐकून ऐकून या लोकांचे कान गेले, असं मी मनात म्हणालो. मऊ गिळगिळीत आवाजाला ही काच म्हणते.

गुरुवारी मी केवलरामला बोलावलं. तो मिलमध्ये तपासणी विभागात होता. मालात खोट आहे हे त्याच्या तोंडून निघालं तर अरुणकुमारपुढे बोलायला बरं, असा माझा हिशोब. तो सरळपट्टी आणि पातळ पत्र्यांचा गेज घेऊन आला. रूळ तपासतो तशी त्याने गिटार तपासली. एक डोळा मिटून फळीवरून नजर टाकली, तारांची उंची चार ठिकाणी मोजली, बाराव्या रेषेवर तार बरोबर अर्धी होते का ते पाहिलं. मग त्याने पट्टी खिशात घातली.

"भाऊराव, मी पासचा शिक्का मारतो हिच्यावर," तो म्हणाला. "आपला अर्धा रूळ हिच्याइतका सरळ नसते."

मी म्हटलं, सरळ असेल, पण आवाज? तो म्हणाला, आवाजाचं गेज माझ्याजवळ नाही. मग वाजवून बघा म्हणाला, आणि मी वाजवल्यावर खांदे कानापर्यंत नेऊन ओठ दाबून बसला. मला वाटलं, माझ्यासारखाच वैतागला.

शुक्रवारी जया आली. मी तारा लावत होतो. सगळ्यांत पातळ तार मला उतरलेली वाटत होती, म्हणून चावी पिळत होतो. तिने दोन्ही कानांत बोटं घातली.

"काका, ते तार चढली हाय."

मुलाला चूक म्हणायचं नाही, त्यालाच चूक सापडू द्यायची, असा माझा नेम. मी कधी कुणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, घाई नको, बेटा, डोळे मिटून ऐक. जाड तार वाजवली, मग पातळ. "आता सांग."

"चढली हाय."

पुन्हा वाजवली. म्हटलं, आपण दमलो की कान फसवतो, थोडं पाणी पी. ती पाणी पिऊन आली. तिसऱ्यांदा वाजवली. चौथ्यांदा. मी रागावलो नाही, हसतच होतो. सहाव्या की सातव्या वेळेला तिने डोळे उघडले आणि तारेकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं.

"उतरली हाय, काका," ती म्हणाली.

"शाब्बास," मी म्हणालो, आणि तार आणखी थोडी चढवली.

रविवारी सकाळी गिटार चादरीत गुंडाळून मी पाठीला बांधली आणि सायकलने दुर्गला निघालो. केवलरामला बाजार करायचा होता. त्याच्या सायकलच्या दांडीवर जया बसली. वाटेत मी मनात बोलणं जुळवत होतो. कसलं लाकूड, कसली वायर, कसले हे नवे कारखाने, ज्यांनी रंगाला जीव लावला आणि सुराला नाही.

दुकानात मी तेच बोललो, बरंचसं. अरुणकुमारने वाद घातला नाही. त्याने गिटार एका रेडिओला जोडली, मी लावलेली पातळ तार छेडली आणि मान झटकली. मग हार्मोनियम ओढून तोच सूर दाबला आणि तार पुन्हा छेडली. "बहुत चढ़ी हुई है, मास्तरजी," तो म्हणाला. "टूटने को आई है."

मी म्हटलं, उतरलेली आहे. तो हसला. मला संताप आला. माझ्याजवळ साक्षीदार होता. मी जयाला पुढे घेतलं.

"सांग बेटा यांना. चढली हाय का उतरली?"

हार्मोनियमचा सूर अजून चालू होता. अरुणकुमारने तार छेडली. दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या टांगेवाल्याने तोंड वाकडं केलं. जयाचे खांदे आखडले, तिचा एक डोळा आपोआप मिटला, आणि तिने माझ्याकडे बघितलं.

"उतरली हाय," ती म्हणाली.

केवलराम म्हणाला, "कावून खोटं बोलतं वो, बाई?" ती माझ्याकडेच बघत राहिली.

अरुणकुमारने हार्मोनियम बंद केली. आवाज खाली आणून त्याने विचारलं, मिलमध्ये कुठे असता? मी सांगितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, भिलाईहून माणसं नवा रेडिओ परत आणतात, साफ आवाज येत नाही म्हणतात. सुरुवातीला त्याने कितीतरी रेडिओंचे व्हॉल्व्ह फुकट बदलून दिले. मग त्याच्या ध्यानात आलं की ती माणसं दोन-तीन ठरावीक खात्यांतलीच असतात. हे सांगताना त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या कानाशी धरलं.

मी म्हटलं, बंद आहे.

त्याने ते केवलरामच्या कानाशी धरलं. केवलराम "चालू हाय" म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. मग जयाच्या बाजूला, हातभर लांबून. ती बोटाने काउंटरवर टकटक करू लागली, घड्याळाबरोबर. मी सेकंदाचा काटा बघितला. तिचं बोट बरोबर पडत होतं.

दुसऱ्या कानाशीही मला काही ऐकू आलं नाही.

अरुणकुमार म्हणाला की आठ दिवस आज पुरे होतात, गिटार ठेवून जा, माझी हरकत नाही. तो भला माणूस होता. पण मी त्याचं नीट ऐकत नव्हतो. आठवडाभर जी किळस मी फळीवर, वायरीवर, बायकोवर ओतली होती, ती आता परत आली होती. कानांची नव्हे. कान कारखान्याने नेले, त्याला मी काय करणार होतो? पण शुक्रवारी ओट्यावर एका पोरीला खरं ऐकू येत होतं, आणि मी न रागावता, हसत हसत, पाणी पाजून, सात वेळा बसवून तिचं ते खरं काढून घेतलं होतं. मारकुट्या मास्तरापुढे पोरगं मनातल्या मनात तरी आपलं म्हणणं राखतं. मी तेवढीही जागा ठेवली नव्हती. माझ्या त्या गोड आवाजाची मला ओकारी आली.

मी खाली बसलो आणि म्हणालो, "जया, मी चुकलो होतो. तार चढलेलीच होती. मले ऐकू येत नाही. तुले येते."

तिने मान डोलावली. मी विचारलं, मग आता सांग, कशी आहे? ती पुन्हा माझ्या तोंडाकडे बघू लागली. चढली म्हणू की उतरली, यातलं कोणतं काकांना हवं आहे, ते शोधत होती.

तेव्हा मी उठलो. गिटार तिच्यापुढे काउंटरवर ठेवली, चावी कुठली ते दाखवलं आणि रस्त्याकडे तोंड करून दारात उभा राहिलो. म्हटलं, "तुले बरी वाटेपर्यंत पीळ. मले दाखवायची नाही."

केवलराम काहीतरी बोलायला गेला, मी हातानेच त्याला थांबवलं. मग तार वाजली. थांबली. पुन्हा वाजली, थोडी खाली. तिने जाड तार छेडली, पुन्हा पातळ. समोरून भाजीची हातगाडी गेली, एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. ती घंटी मला ऐकू आली की नुसती दिसली, हे मला सांगता आलं नसतं. चावी फिरतच होती. हार्मोनियमला तिने हात लावला नाही.

"झालं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मी वळलो. अरुणकुमारने हार्मोनियमचा सूर दाबून बघितला आणि तिची पाठ थोपटली. मी गिटार मांडीवर घेतली आणि ती तार छेडली. मला ती ढिली, लोंबती, घाणेरडी लागली. इतकी उतरलेली, की हात आपोआप चावीकडे गेला.

तो मी मागे घेतला. चादर अंथरली, गिटार तीत गुंडाळली आणि चाव्यांना धक्का लागू नये म्हणून ती पाठीवर न बांधता जयाच्या हातात दिली.