मध्यंतरानंतर छोटी उठली नाही

बॉयलरच्या कारखान्यात तिची सही झाल्याशिवाय एकही टाकी फाटकाबाहेर जात नसे. वेल्डिंगच्या जोडात केसाएवढी चीर असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही. भलेभले वेल्डर तिला टरकून असत. घरात मात्र एक्कावन्न वर्षांची झाली तरी ती छोटीच, आणि दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

दादा गणिताचा निवृत्त प्राध्यापक. त्या रविवारी दुपारी तो, वहिनी, मधली बहीण आणि छोटी असे चौघे सिनेमाला गेले. पडद्यावर अंतराळातल्या लढाईचा दुसरा भाग होता. पहिल्या भागात चंद्राचे दोन तुकडे झाले होते. आता तो सगळाच्या सगळा जागेवर होता आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मेलेला नायकही परत आला होता, मिशी वाढवून. मध्यंतराच्या जरा आधी यानाला भगदाड पडलं. नायकाने पायातला बूट काढला आणि त्यात कोंबला. यान वाचलं!

छोटीने खणखणीत टाळी वाजवली.

दिवे लागले तसा दादा ताडकन उठला. "चला. डोकं गहाण टाकून बसायला मला वेळ नाही."

मधली मुकाट्याने उठली. वहिनीने पर्स उचलली. छोटी जागची हलली नाही.

"छोटी, ऐकू आलं ना?"

"आलं. तू हो पुढे. मी शेवट बघून येते."

रांगेतले लोक वळून बघायला लागले. दादाचा चेहरा लालबुंद झाला. वडील गेल्यापासून त्याला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. तो तरातरा बाहेर गेला, मागोमाग बाकीच्या दोघी. छोटीने खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

अंधार झाला आणि शेजारी कुणीतरी धपकन बसलं. वहिनी!

"रुमाल राहिला म्हणून सांगून आलेय," ती कुजबुजली. "तो बूटवाला अनवाणीच हिंडतोय का अजून?"

पुढचा तासभर दोघींनी धुमाकूळ घातला. खलनायकाने सूर्य बंद करायचा खटका दाबला तेव्हा तर वहिनीला हसता हसता उचकी लागली.

बाहेर दादा गाडीला टेकून उभा होता.

"एवढी शिकलेली तू! अंतराळात स्फोटाचा आवाज येत नाही, एवढंही कळलं नाही?"

"कळलं. दादा, तू किती चुका काढल्यास?"

"तीन. अर्ध्या सिनेमात!"

"मी एकोणीस काढल्या. त्या यानाचा एकही जोड माझ्याकडून पास झाला नसता."

"मग बसलीस कशाला?"

"मजा आली म्हणून! कारखान्यात माझ्या हातून एक चूक सुटली तर माणसं भाजून मरतील, म्हणून तिथे मी डोळ्यांत तेल घालून बसते. या बुटाने कोण मरणार आहे? तिसरा भाग आला की मी तोही बघणार. तुला विचारणार नाही."

"गाडीत बस," दादा दातओठ खात म्हणाला.

"आधी जरा हसून बोल, मग बसते."

तो हसला नाही. मधलीला घेऊन निघून गेला. वहिनीने गाडी वळणाआड होईपर्यंत बघितलं, पदर खोचला आणि छोटीला ओढत बसथांब्यावर नेलं.

बसमध्ये वहिनीचा फोन वाजला.

"हो, वन्सं माझ्याजवळच आहेत," ती म्हणाली. "चहा? चहाचा डबा ओट्याच्या वरच्या फळीवर आहे. हो, तुम्हीच करायचा."

फोन पर्समध्ये टाकून ती छोटीकडे वळली. "वन्सं, तलावाच्या थांब्यावर उतरायचं का? बत्तीस वर्षं बसमधून नुसता बघतेय मी तो."

छोटीने हात वर करून घंटीचं बटण दाबलं.