उजव्या बुटाचं टोक

उजव्या बुटाचं टोक – फक्त उजव्याचंच – आतलं कापड दिसेपर्यंत झिजलेलं. डावा मात्र अजून नव्यासारखा. दाराशी उकिडवी बसून ती लेकीचा बूट हातात फिरवत राहिली. पोर पाय ओढत चालते म्हणून काल दाखवलं, तर डॉक्टरांनी भिंगरीला कमरेपासून बोटांपर्यंत तपासलं आणि म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. घरात कुणी पाय ओढत चालतं का?" ती पटकन नाही म्हणाली होती... कारण तिच्या लेखी बाबा पाय ओढत नव्हते, बाबा बरे होत होते.

शेजारी बाबांचा बूट. त्याचंही उजवं टोक तसंच.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबा रोज अंगणात चालायचे आणि नुकती पाय फुटलेली नात त्यांच्या मागे. आपण दिवसभर कामावर. त्या दोघांची शाळा एकच. आता बाबांना सांगावं, तर ते खुर्चीतून उठणारच नाहीत – मी ओळखते ना त्यांना – आणि मग तो पाय कायमचा गेला. न सांगावं, तर पोरीचा...

"आबा, चला!" भिंगरीने हुकूम सोडला.

"आलो, सरकार. तुमच्या पायात बूट तर घालू द्या आईला."

ती लेकीच्या बुटाची नाडी बांधू लागली, आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात आल्याचं तिला जाणवलं. गाठ मारताना बाबांची येते, तशी. हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. लहानपणी त्यांच्या हातांकडे बघत बसायची, एवढंच.

"बाबा," तिने वर न बघताच म्हटलं, "आज हिला पुढे चालू द्या. तुम्ही मागून या."

बाबांची नजर त्या झिजलेल्या टोकावर थांबली – की तिला तसं वाटलं?

"म्हणजे आता मी हिच्याकडून शिकायचं म्हण," ते हसले. "ठीक आहे. चल गं मास्तरीणबाई, पुढे हो."

दोघं बाहेर पडली. ती पाठमोरीच बसून राहिली, नुसती ऐकत. फरशीवर पाय घासल्याचा आवाज... मग पाऊल उचलून टेकल्याचा... पुन्हा घासल्याचा. कुठला कुणाचा, कळेना. वळून बघायला हवं होतं. पण आता कालच्यासारखी धडकी भरत नव्हती. बांधायची नाडी उरली नव्हती, तरी जीभ अजून ओठांच्या कोपऱ्यातच होती. तिने ती राहू दिली.