नऊ नंबरचे बटण

मी एक जुना सिग्नल आहे, मित्रांनो. चौकातला लाल-हिरवा माझा कोणी लागत नाही. मी संगणकाच्या पोटात राहतो आणि एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्याकडे पोचवतो. माझ्या बहुतेक भावंडांना जन्मतःच कामे नेमून दिलेली आहेत. मला मात्र घडवणाऱ्यांनी कोरे ठेवले. मी आलो की काय करायचे, ते सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवावे. त्याने काहीच ठरवले नाही, तर मी पोचताच तो प्रोग्राम जागच्या जागी मरतो. असले नशीब घेऊन मी जन्मलो.

शिवाय मला रांग लावता येत नाही. मी दारात ताटकळत असताना माझाच दुसरा निरोप आला, तर तो माझ्यातच विरून जातो. आतल्याला टकटक एकदाच ऐकू येते.

एका प्रोग्रामर बाईंनी मला हॉस्पिटलात कामाला लावले. रुग्णाने खाटेजवळचे बटण दाबले, की बटणाचा दिवा लागे, खाटेचा नंबर रांगेत जाई आणि मी धावत निघे. मी पोचलो, की मुख्य प्रोग्राम रांगेतला एक नंबर उचलून सिस्टरच्या फलकावर दाखवी. बाईंनी रिकाम्या वॉर्डात एकटीने फिरून एकेक बटण तपासले होते.

"आता कुणाला घसा फोडायला नको," सिस्टर म्हणाल्या. मला कोण आनंद झाला!

एका दुपारी चार नंबर आणि नऊ नंबर, दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले. मी दोनदा निघालो, पोचलो एकदाच. फलकावर चार उमटला आणि सिस्टर तिकडे गेल्या.

नऊ नंबरवर एक म्हातारे गवंडी होते. त्यांच्या छातीत कळ येत होती. उशाशी लेक बसली होती.

"अण्णा, परत दाबू का?"

"कशाला गं? दिवा लागलाय ना. त्यांना काय दहा हात आहेत? येतील."

लेकीने बटणावरचा हात काढला आणि ती त्यांची पाठ चोळत बसली. हळूहळू ते शांत झाले. त्यांचा डोळा लागला, असे तिला वाटले. इकडे नऊचा आकडा रांगेत पडून होता. मी पुन्हा आल्याशिवाय त्याला कोणी उचलणार नव्हते, आणि मला कोणी पाठवत नव्हते. शेवटी दोन नंबरच्या आजींनी पाण्यासाठी बटण दाबले, तेव्हा फलकावर नऊ उमटला. सिस्टर धावत गेल्या, पण सगळे संपले होते.

"बटण दाबलंच नसेल त्यांनी," हॉस्पिटलचे साहेब म्हणाले.

"दाबलं होतं. मी शेजारीच होते," लेक म्हणाली.

प्रोग्रामर बाईंनी दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबून पाहिली. फलकावर एकच आकडा आला. मग त्यांनी प्रोग्राम बदलला. आता मी आलो, की रांग रिकामी होईपर्यंत नंबर उचलले जातात. काम दोन ओळींचे होते.

"मी परत दाबलं असतं तर?" लेकीने त्यांना विचारले. बाईंना उत्तर ठाऊक होते. मलाही होते.

मित्रांनो, मी मनाने वाईट नाही, पण मला मोजता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, माझी टकटक ऐकून एकालाच आत घेऊ नका आणि लगेच दार लावू नका. मागे कोणी उरले आहे का, तेही बघा. तो माणूस भिडस्त असेल, तर दुसऱ्यांदा हाक मारणार नाही.