शेवंताचा डावा गाल

बायकोच्या तोंडावर वांग आलं तरी नवऱ्याला दिसत नाही, असं बायका म्हणतात. साफ खोटं. शेवंताच्या गालावरचं वांग मला बारा वर्षं रोज दिसत होतं आणि रोज मी दुसरीकडे बघत होतो.

ब्याऐंशीच्या संपात आमची गिरणी थांबली ती थांबलीच. मी साचे खात्यात मागावर, अख्ख्या लालबागेत तोंडाळ महादेव म्हणून प्रसिद्ध. पण सहा महिन्यांत माझं तोंड आपोआप बंद झालं. आम्ही मूळचे वरळीचे कोळी. आईचा बाजारातला ओटा मोठ्या वहिनीकडे गेला होता, म्हणून शेवंताने पाटी उचलली आणि करी रोडच्या फुटपाथवर जाऊन बसली. डोक्यावर छप्पर नाही. दुपारनंतरचं ऊन डावीकडून यायचं. दुसऱ्या वर्षी डाव्या गालावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला. मग कपाळ, मग उजवा गालही धरला, पण डाव्याची बरोबरी कुणाला आली नाही.

मी तोवर चिंतामणीच्या फोटो स्टुडिओत चिकटलो होतो. काम टचिंगचं. निगेटिव्हवर डागाची जागा फिकी दिसते. तिथे पेन्सिल धरावी म्हणून लाखेचा हात द्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने ती जागा बारीक बारीक भरायची. छापून आलं की डाग गायब. लग्नाला उभ्या राहिलेल्या परळ-लालबागच्या निदान पाचशे मुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण मी घालवले असतील. मुलाकडची माणसं नंतर काय म्हणाली, ते चिंतामणीला विचारा.

आमची लेक बकुळा नर्स झाली आणि सिंगापूरला कातडीच्या दवाखान्यात लागली. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत तिचं पत्र आलं. तिथले मोठे डॉक्टर लेझरने डाग काढतात. स्टाफच्या आईवडिलांना फुकट. पण वर्षातून दोघांनाच, आणि तेही फोटो बघून. आईचं नाव तिने देऊन टाकलं होतं.

पत्र ऐकून शेवंता आरशासमोर गेली आणि बराच वेळ हललीच नाही. "चाळीस वर्षांची व्हईपर्यंत माझं तोंड कसं साफ होतं," ती म्हणाली, "मला ते परत पाहिजे." लुगडं, बांगडी, काही म्हणून जिने कधी मागितलं नव्हतं, ती हे मागत होती. तिला काय, मलाही पाहिजे होतं.

मग तयारी सुरू झाली. बकुळाने लिहिलं होतं: सहा आठवडे ऊन टाळायचं. बाहेर बसावंच लागलं तर छत्री, टोपी आणि पांढरं क्रीम, दर दोन तासांनी. हळद, लिंबू, जायफळ काही म्हणजे काही चोळायचं नाही. शेजारी बसणारी रखमा जायफळ उगाळून वाटीच घेऊन आली होती, ती तशीच परत गेली. जाता जाता रखमाने क्रीम लावलेल्या शेवंताकडे नीट बघून घेतलं.

"गो, चुना लावलास काय तोंडाला?"

"फॉरेनचा हाय. हात लावू नको."

कोळीण आवाजाने आणि चेहऱ्याने मासळी विकते. इथे चेहरा छत्रीच्या आणि टोपीच्या आत, त्यावर पांढरा थर. नेहमीच्या गिऱ्हाईक कमळाबाई समोर उभ्या राहून शेवंतालाच विचारू लागल्या, "ती शेवंता कुठे गेली गं?" शेवंता आतून म्हणाली, "ती गेली सिंगापूरला. तुम्ही बांगडा घ्या." कमळाबाईंनी घेतला, पण नव्या बाईशी करतात तशी घासाघीस करून. संध्याकाळी हे सांगताना शेवंता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि क्रीम पुन्हा लावावं लागलं.

फोटोच्या दिवशी वेगळंच भांडण झालं. तोंड साबणाने धुऊन, पावडर-कुंकू न लावता फोटो काढायचे, असं पत्रात होतं.

"कुंकू पुसू?" शेवंता माझ्याकडे वळली. "तुमची तब्येत बरी हाय ना?"

शेवटी कुंकू राहिलं. समोरून, उजवीकडून, डावीकडून असे तीन फोटो मी स्वतः काढले. फिल्म दादरच्या लॅबमध्ये धुऊन आली. लग्नसराई होती, टेबलावर नवऱ्यामुलींचा ढीग पडला होता. त्यातच शेवंताच्या तीन निगेटिव्ह. मी एकामागून एक हातावेगळ्या केल्या, छापून आलेले फोटो पाकिटात घातले आणि परस्पर कुरिअरला दिले. घरी दाखवायचंही सुचलं नाही.

दहाव्या दिवशी स्टुडिओतला फोन वाजला. नेमकी शेवंता मला डबा द्यायला आली होती. चिंतामणीने रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे बकुळा इतकी ओरडत होती की चिंतामणीलाही सगळं ऐकू गेलं.

"बाबा, डॉक्टर म्हणतात ह्या बाईला काही झालेलंच नाही! चेहरा एकदम स्वच्छ आहे म्हणाले. नाव काढायला निघालेत. तुम्ही टचिंग केलंत ना? शनिवारपर्यंत खरे फोटो हातात आले नाहीत तर दुसऱ्या नर्सच्या आईला घेणार!"

मी निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरल्या. पेन्सिल फिरलेली होती. डाव्या गालावर सगळ्यात जास्त, सगळ्यात सफाईदार. देवाशपथ सांगतो, मला आठवतसुद्धा नव्हतं.

"महादेवा," चिंतामणी म्हणाला, "बारा वर्षांत एवढं झकास काम केलं नाहीस रे!"

शेवंता हसली नाही. तिने डबा टेबलावर ठेवला.

"दीड महिना मी छत्रीत बसले. गिऱ्हाईक तुटलं. आणि तुम्ही पुसून टाकलंत. माझं तोंड तुम्हाला हाय तसं बघवत नाय काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. हाताची सवय, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. पण तिच्यासमोर मला एकदम रडूच आलं, आणि तेही गिऱ्हाइकांदेखत.

"बघवत नाही," मी म्हटलं. "तो डाग दिसला की मी घरात बसलेला दिसतो आणि तू उन्हात."

मग तिने माझ्या टेबलावरच्या चारही पेन्सिली उचलल्या आणि चिंतामणीच्या खिशात खोचल्या.

"उन्हात मी बसले. डाग माझा हाय. काढायचा तर तो डॉक्टर काढेल, तुम्ही नाय. चला, फोटो काढा."

गच्चीवर गेलो. तिने टाकीच्या नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि डावा गाल माझ्याकडे करून उभी राहिली. कॅमेऱ्यातून बघताना दुसरीकडे बघता येत नाही. तपकिरी डाग, मध्ये गडद, कडेला विरत गेलेला, डोळ्याखालून पार जबड्यापर्यंत. मी बारा वर्षांत पहिल्यांदाच तो पुरता पाहिला. वाटलं होतं तितकं भयंकर काही वाटलं नाही. खाली बाई तीच होती, आणि ती मला दम देत होती, "लवकर करा, ऊन लागतंय!"

ह्या वेळी पाकीट चिंतामणीने बंद केलं. मला त्याने जवळही फिरकू दिलं नाही.

आठवड्याने बकुळाचा फोन आला. फोटो शुक्रवारी पोचले, नाव कायम, फेब्रुवारीतली तारीख मिळाली. डाग पूर्ण जाईलच असं डॉक्टर सांगत नाहीत, पण पुष्कळ फिका होईल. शेवंताने रखमाला पेढा दिला, कमळाबाईंना टोपी काढून तोंड दाखवलं आणि मागच्या बांगड्याची घासाघीस भरून काढली.

फोनपाठोपाठ टपालाने एक फॉर्म आला, जाताना भरून न्यायचा. रविवारी सकाळी चहा घेऊन आम्ही दोघं बसलो. ती सांगत होती, मी लिहीत होतो. नाव, वय, कुठली औषधं, काही नाही. डाग कधीपासून: १९८३. पुढच्या रकान्यात कारण विचारलं होतं. माझं पेन तिथे थांबलं.

"काय विचारलंय?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"मग लिहा की."

"काय लिहू? संप लिहितो," मी म्हटलं. चेष्टेत म्हणायला गेलो, पण आवाज भलताच निघाला.

शेवंताने चहाचा कप खाली ठेवला. माझा लिहिता हात धरला आणि कागदावर परत टेकवला.

"ऊन लिहा," ती म्हणाली. "तुम्ही संप केलात, डाग उन्हाने पडला. डॉक्टरला उगाच चुकीचं सांगू नका."

मी 'ऊन' लिहिलं. तिने अक्षर नीट आलंय का ते वाकून पाहिलं आणि पुढचा रकाना विचारला.