गोळीचं माप

पुतळाबाईंनी अंगावरची घोंगडी पायाने बाजूला सारली आणि ताटातली भाकरी उजेडाकडे धरली.

"ही भाकरी हाय का पाटा? चंद्रे, शाळेत पोरींना हेच शिकवती का?"

चंद्रभागा हसली आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. आईचा टोमणा ऐकून किती महिने झाले होते!

छत्तीस सालच्या आषाढी एकादशीनंतर तिने आईला सायखेड्याहून बैलगाडीने नाशिकला आणलं, तेव्हा आई उकाड्यात कुडकुडत होती. चेहरा सुजलेला, जीभ जड, बोलता बोलता डोळा लागायचा. गळ्यातली ग्रंथी निकामी झाली आहे, डॉक्टर म्हणाले. त्यांनी विलायती गोळ्या दिल्या.

"रोज एका गोळीने सुरुवात करू. कमी पडली तर त्या अशाच विझत जातील. जास्त झाली तर काळजाला झेपणार नाही. माप सापडेपर्यंत धीर धरा."

माप सापडेना. श्रावणात दोन गोळ्या झाल्या, भाद्रपदात तीन. चंद्रभागा रोज सकाळी त्या आईच्या तळहातावर ठेवी, पाण्याचा तांब्या जवळ सरकवी आणि शाळेत जाई. आई मात्र दूर दूर जात राहिली. दसऱ्याला सोनं द्यायला वाकलेल्या लेकीकडे ती इतका वेळ नुसती बघत राहिली, की शेवटी चंद्रभागेने आपणच आपलं नाव सांगितलं. डॉक्टर आताशा तिची नजर चुकवत.

आणि कार्तिकी एकादशीनंतर चार दिवसांत हे. आई उठून बसली. काल तिने स्वतःच्या हाताने वेणी घातली. आज मटण मागितलं.

"तीन गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या," रस्सा वाढत चंद्रभागा म्हणाली.

"तीन कशाला?" पुतळाबाईंनी कमरेची चंची सोडली. तळाशी थोड्या पांढऱ्या गोळ्या उरल्या होत्या. "दवाखान्यातला कंपाउंडर म्हनला, बकऱ्याच्या गळ्यातली गाठ वाळवून करत्यात. चातुर्मासात वशाट कसं खायचं? समद्या जपून ठेवल्या. तुझ्या कष्टाचं औषध, वाया का घालू? बारशीला उपास सोडला, तवापासून मूठमूठ घेती. राहिलेलं भरून काढायला नको का?"

चंद्रभागेच्या हातातली पळी रश्श्यात बुडाली. तिने आईचं मनगट धरलं. बोटांखाली ठोके एकमेकांवर आदळत होते, मध्येच एखादा गळत होता.

"आई, छातीत काही होतंय?"

"धडधडतंय जरा. पन लय बरं वाटतंय बघ. किती दिसांनी अंगात ऊब आली. ती घोंगडी उचलून ठेव आता."

चंद्रभागेने खिडकीतून शेजारच्या धोंडीरामांना हाक मारली, डॉक्टरांना टांग्यात घालून आणायला सांगितलं. मग ती आईजवळ येऊन बसली आणि घोंगडीची घडी घालू लागली. कडा काही केल्या जुळेनात.

"आन इकडं," पुतळाबाई म्हणाल्या. "येवढंबी येत नाय. माझ्या माघारी कसं व्हायचं तुझं?"